दुसऱ्या परीक्षकाचा शेरा

विद्यापीठाच्या तिसऱ्या इमारतीत, तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला चिकटून एक अरुंद वर्ग होता. पलीकडे यंत्र सुरू झालं की मधली भिंत घुमायची आणि शिकवणाऱ्याला आवाज चढवावा लागायचा. पीएचडी करणाऱ्यांना इंग्रजीत शोधनिबंध कसा लिहायचा हे शिकवणारा तास त्या वर्गात गेली सव्वीस वर्षं एकच बाई घेत होत्या. विद्यापीठभर त्यांचं नाव पडलं होतं 'स्वल्पविराम बाई'. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, पूर्णविराम नाही म्हणाले."

वर्गाला येणारे सगळे आपापल्या विषयात वाकबगार. पण इंग्रजीत दोन पानं लिहायची म्हटली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. त्यांच्यापैकी कुणाच्याच घरात इंग्रजी बोललं जात नव्हतं. बाईंच्याही नव्हतं. त्यांचे वडील बेकरीत भट्टीवर कामाला होते. पाव बांधायला रद्दीत जी परदेशी मासिकं यायची, त्यांची पानं गुपचूप काढून घेऊन, शेजारी शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक उघडून, त्या इंग्रजी शिकल्या होत्या. त्यामुळे एखाद्याला 'ए' आणि 'द' मधला फरक सातव्यांदा समजावून सांगतानाही त्यांच्या कपाळाला आठी पडत नसे. हा खड्डा कुठे आहे आणि त्यात पाय कसा जातो, हे त्यांना स्वतःच्या पायाने माहीत होतं.

त्या वर्षी वर्गात बारा जण होते. वयाने सगळ्यांत मोठा गुरांचा डॉक्टर. वीस वर्षं गोठ्यागोठ्यांतून हिंडल्यावर त्याने गायींच्या खुरांच्या रोगावर संशोधन करायचं मनावर घेतलं होतं. त्याच्या लेखी शिकवणारी कोणतीही स्त्री म्हणजे 'बाई'. त्याचं ऐकून बाकीचेही 'मॅडम' सोडून 'बाई' म्हणायला लागले होते. त्याच्या इंग्रजीत चुका होत्याच, पण त्याचं खरं भांडण होतं ते संशोधनातल्या सावध भाषेशी.

"डॉक्टर, तुम्ही लिहिलंय, या औषधाने रोग बरा होतो," बाई म्हणाल्या होत्या. "असं छातीठोक लिहीत नाहीत. रोग बरा होत असावा असं दिसतं, असं लिहा."

"बाई, चारशे गायींचे पाय मी या हातांनी धरलेत. तीनशे नव्वद ठणठणीत झाल्या. त्यात 'असावा' कुठून आला?"

"उरलेल्या दहांमधून आला."

डॉक्टरने पेन उघडलं. मग "दहाजणींपायी तीनशे नव्वदजणींचा अपमान" असं पुटपुटत त्याने वाक्य खोडलं.

त्याच्या नेमकी उलट होती मातीवर काम करणारी एक इंजिनियर मुलगी. ती कशाचीच खात्री देत नसे. माती भिजल्यावर ओली होत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा धाटणीचं तिचं लिखाण. तिला सगळे 'कदाचित' म्हणायचे आणि तिनेही ते नाव बिनतक्रार पत्करलं होतं. तिसऱ्या होत्या सिस्टर. बाळंतपणाच्या वॉर्डात बावीस वर्षं काढून, मुलं मार्गी लागल्यावर शिकायला आलेल्या. त्यांचं प्रत्येक वाक्य तीन शब्दांचं. बाळ रडलं. आई झोपली. टाके घातले. बाईंनी दोन वाक्यं जोडायला सांगितली की सिस्टर म्हणायच्या, "जोडते, पण मग चुकते."

त्यांचं हे म्हणणं बाईंना फार आवडायचं, कारण गेली अकरा वर्षं त्या हेच तपासत होत्या. विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या चुका त्या एका वहीत टिपून ठेवत. सहाशे चाळीस निबंध झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं की जुनंच, सरावाचं काही सांगताना मुलं सहसा चुकत नाहीत. कुणाला काही नवं सांगायचं असलं, स्वतःचं काही मांडायचं असलं, की तिथे नेमकं व्याकरण कोलमडतं. म्हणजे चूक दिसली की लगेच खोडायला धावू नये, आधी तिथे काय चाललंय ते बघावं. यावर त्यांनी आयुष्यातला पहिला मोठा शोधनिबंध लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. बाईंना पडद्यावर वाचलेलं खरं वाटत नसे, म्हणून ऑफिसात छापून घेऊन, वर्गाकडे जाताजाता जिन्यात थांबून त्यांनी ते वाचलं. निबंध दोन परीक्षकांनी तपासला होता. पहिल्याने भरभरून कौतुक केलं होतं. दुसऱ्याचा शेरा पाच ओळींचा होता. विषय बरा आहे. पण लेखिकेचं इंग्रजी अपेक्षित दर्जाचं नाही. उदाहरणादाखल चार जागा देत आहे. मातृभाषा इंग्रजी असलेल्या व्यक्तीकडून संपूर्ण लेख तपासून घ्यावा, त्याशिवाय पुढे विचार करता येणार नाही.

बाईंनी कागदाची घडी घातली, हातातल्या फायलीत सरकवली आणि तास घेतला. त्या चार जागा कोणत्या, हे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. पुढे दोन आठवडे झालं नाही.

बाहेरून काही दिसत नव्हतं, आतून मात्र पार पडझड झाली होती. निबंध तपासायला घेतले की पेन्सिल कागदाच्या वर अडून बसायची. जो 'द' त्या झोपेतून उठवलं तरी सांगू शकल्या असत्या, त्याच्याकडे त्या परक्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागल्या. एका तासाला फळ्यावर वाक्य लिहिताना मध्येच त्यांचा खडू थांबला. "इथे 'इन' येईल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही, थांबा. 'ऑन'." मग फळ्याकडे तोंड करून गप्प उभ्या राहिल्या. पलीकडे झेरॉक्स सुरू झालं म्हणून ती शांतता झाकली गेली. 'कदाचित'ने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

घरी नवऱ्याला त्यांनी आठवड्याने सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि रविवारी तो जेवणाच्या टेबलावर फ्रेमचे बारीक स्क्रू आवळत बसायचा. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कोण आहे हा गृहस्थ?"

"नाव कळत नाही. परीक्षकांची नावं गुप्त असतात."

"म्हणजे तोंड झाकून बोलतो?"

"अहो, पद्धत आहे ती."

नवऱ्याने विचार केला. बायकोची समजूत घालण्यात तो कधीच फारसा तरबेज नव्हता, पण प्रयत्न सोडणाऱ्यांतला नव्हता. "हे बघ, माझ्याकडे लोक येतात. पाटीवरची शेवटची ओळ वाचता आली नाही की ओशाळतात, माझी माफी मागतात. मी म्हणतो, यात माफी कसली? नजर कमी झालीय, नंबर बदलू."

"म्हणजे माझं इंग्रजी कमी झालंय?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

त्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. "आपण चहा घेऊ या," तो म्हणाला आणि स्वतः उठून त्याने आधण ठेवलं. गॅसपाशी उभ्या उभ्या, पाठमोराच, तो म्हणाला, "तू ते पत्र फाडून टाक. नाहीतर मला दे, मी फाडतो." बाईंना हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडूही आलं. पत्र देणार तरी कुठून? फायलीत पाहिलं तर ते नव्हतंच.

सोमवारी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. पुढच्या सत्रापासून हा तास एखाद्या तरुण प्राध्यापकाला द्यावा, असा अर्ज त्यांनी त्याच्यासमोर ठेवला.

"असं एकदम काय झालं, मॅडम?"

"गुडघे दुखतात. उभं राहवत नाही."

"बसून शिकवा."

"बसून शिकवलेलं इंग्रजी डोक्यात शिरत नाही," बाई म्हणाल्या आणि त्याने आणखी काही विचारायच्या आत बाहेर पडल्या. अर्ज त्याने टेबलावरच्या काचेखाली सरकवला.

गुरुवारी त्या वर्गात शिरल्या तेव्हा बाराच्या बारा जण वेळेआधी येऊन बसले होते. असं आजवर कधी झालं नव्हतं. डॉक्टरसुद्धा होता, ज्याला रोज कुठली तरी गाय अडवून ठेवायची. आणि बाईंच्या टेबलावर, मधोमध, घडी उलगडलेला तो कागद होता.

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. "हे कुठे मिळालं?"

"माझ्या निबंधात," डॉक्टर उभा राहून म्हणाला. "तुम्ही तपासून परत दिलात ना, त्याच्या पानांत होतं."

"आणि तुम्ही वाचलंत?"

"हो."

"अजून कुणी?"

"सगळ्यांनी."

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे घरी कुणी शिकवलं नाही तुम्हाला?" बाईंचा आवाज इतका चढला की झेरॉक्सवाला दारातून डोकावून गेला. "एवढी मोठी माणसं तुम्ही! मी माझ्या पोटच्या मुलांची पत्रं कधी उघडली नाहीत!"

"शिकवलं होतं, बाई," डॉक्टर खाली मान घालून म्हणाला. "पण माझ्या निबंधात कागद निघाला आणि त्यात लिहिलेलं, इंग्रजी अपेक्षित दर्जाचं नाही. मला वाटलं, माझ्याबद्दलच आहे. शेवटपर्यंत वाचलं तरी, सिस्टरांनी वरचं तुमचं नाव दाखवेपर्यंत, मला तसंच वाटत होतं. लेखिका म्हटलंय, तर म्हटलं मला 'ही' आणि 'शी' नीट येत नाही, त्यांना तरी कुठून येणार?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्स केलं. बाईंनी तिकडे डोळे वटारले, पण त्यांचा राग तिथेच थोडा ढिला पडला. त्या खुर्चीवर बसल्या. वर्गात त्या बसल्या आहेत असं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं.

"चुकलं आमचं," सिस्टर म्हणाल्या. "रागवा तुम्ही. अजून रागवायचं असेल तर रागवून घ्या. पण मग हिचं ऐका."

'कदाचित' पुढे आली. तिच्या हातात ग्रंथालयातून आणलेली तीन जाडजूड पुस्तकं होती, प्रत्येकातून कागदाच्या पट्ट्या डोकावत होत्या. तिने घसा साफ केला.

"परीक्षकांनी चार जागा दाखवल्यात. पहिली, तुम्ही 'बट'ने वाक्य सुरू केलंय. ते चालतं. या पुस्तकात आहे, या पुस्तकात आहे आणि परीक्षकांच्या स्वतःच्या शेऱ्यातलं दुसरं वाक्य 'बट'नेच सुरू होतं. दुसरी, एका ठिकाणी 'द' नको म्हणतात. तिथे दोन्ही चालतं. तिसरी, तुमचा एक शब्द इंग्रजीत नाहीच म्हणतात. हा शब्दकोश. पान सहाशे बारा."

तिच्या बोलण्यात एकदाही 'असावं' आलं नव्हतं. हे बाईंच्या ध्यानात आलं, आणि सिस्टरांच्याही.

"आणि चौथी?" बाईंनी विचारलं.

'कदाचित' पुस्तकांकडे बघायला लागली. डॉक्टर छताकडे.

"चौथी खरी आहे, बाई," शेवटी सिस्टरांनी सांगितलं. बावीस वर्षं नातेवाइकांना नको त्या बातम्या सांगायचं काम त्यांच्याकडेच असायचं. "लांबलचक वाक्य आहे. कर्ता एक आहे आणि क्रियापद अनेकांचं झालंय."

बाईंनी कागद जवळ ओढला आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या चार जागा वाचल्या. खरंच होतं. कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये बावीस शब्द येऊन बसले होते आणि तेवढ्या अंतरात एकाचे अनेक झाले होते. ही चूक त्या विद्यार्थ्यांना दर वर्षी, पहिल्याच महिन्यात, रंगीत खडूने दाखवायच्या.

"अगं बाई!" त्या स्वतःलाच म्हणाल्या.

"वाक्य कोणतं आहे ते बघा ना," सिस्टर म्हणाल्या. "नवं सांगताना माणूस चुकतो, असं ज्या वाक्यात लिहिलंय, तेच आहे. बाकी बत्तीस पानांत कुठे काही नाही. आम्ही सगळं वाचलं. विभागाच्या संकेतस्थळावर तुमचा मसुदा होता."

बाईंनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग त्या हसायला लागल्या. सुरुवातीला नुसते खांदे हलले, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतक्या हसल्या. बारा जणांना आधी कळेना की हसावं की पाणी आणावं.

त्या दिवशीचा नेमलेला धडा बाजूलाच राहिला. परीक्षकांना उत्तर कसं लिहायचं, हा अभ्यासक्रमात तसाही शेवटी येणारा भाग होता. तो बाईंनी तेव्हाच काढला. "मी मसुदा सांगते, तुम्ही तपासा," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं. त्याचा भावार्थ असा होता की सन्माननीय परीक्षकांनी एखादा शब्दकोश जवळ बाळगला तर बरं होईल.

"बाई, हे जमणार नाही," डॉक्टर म्हणाला. "यात 'असावं' कुठे आहे?"

"तुम्ही मला सांगता?"

"तुम्हीच शिकवलंय. मनात काहीही असो, कागदावर शिंगं दाखवायची नाहीत."

"ताप उतरू द्या," सिस्टर म्हणाल्या. "तापात लिहिलेलं पाठवू नये."

ताप उतरायला दोन तास लागले, म्हणजे वेळापत्रकातले दोन पूर्ण तास, गुरुवारचा आणि मंगळवारचा. शब्दाशब्दावर वाद झाले. आभार मानायचे की नुसती नोंद घ्यायची, यावर वर्गात दोन तट पडले आणि सात विरुद्ध पाच मतांनी आभार मानायचे ठरले. चौथी चूक सरळ मान्य करायची, तिला कुठलंही लुगडं नेसवायचं नाही, असं बाईंनी बजावलं. पहिल्या तीन जागांबद्दल 'कदाचित'ने पुस्तकांची पानं देऊन, आवाज न चढवता, प्रत्येकी दोन ओळी लिहिल्या. राहिली शेवटची अट, मातृभाषा इंग्रजी असलेल्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची. तिथे सगळे अडले. अखेर सिस्टरांनी सांगितलं आणि बाईंनी इंग्रजीत घातलं: सूचनेबद्दल आभारी आहोत. मात्र ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांचं लिखाण हाच या लेखाचा विषय असल्याने, तो अशाच बारा संशोधकांकडून काळजीपूर्वक तपासून घेतला आहे. त्यांना एक चूक सापडली. ती दुरुस्त केली आहे.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "तुम्ही वाक्यं जोडलीत आणि चुकला नाहीत."

"तुम्ही होता ना टाके घालायला," सिस्टर म्हणाल्या.

उत्तर गेलं. त्याच दुपारी बाई विभागप्रमुखाच्या खोलीत गेल्या आणि अर्ज परत मागितला.

"गुडघे?" त्याने विचारलं.

"बरे आहेत."

त्याने काच उचलून कागद काढून दिला. "मी पुढे पाठवलाच नव्हता," तो म्हणाला. "माझ्या पीएचडीच्या वेळी मीही तुमच्याकडे असाच अर्ज घेऊन आलो होतो, शिक्षण सोडतो म्हणून. तुम्ही त्यातल्या तीन चुका दाखवून तो मला नीट लिहून आणायला सांगितला होतात. नीट लिहीपर्यंत माझं मन बदललं." बाईंना यातलं काहीच आठवत नव्हतं. असे किती अर्ज त्यांनी परत धाडले असतील, त्याला हिशेबच नव्हता.

नऊ आठवड्यांनी नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. दुसऱ्या परीक्षकाचं काय झालं, त्याने उत्तर वाचलं की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. लेख स्वीकारला होता. भाषेबद्दल काही म्हणणं नव्हतं. फक्त लांबी जास्त होती. बाराशे शब्द कमी करून दहा दिवसांत पाठवावा.

बाईंनी या खेपेला कागद लपवला नाही. लेखाच्या बारा प्रती काढल्या, झेरॉक्सवाल्याला पेढा नाही तर निदान बातमी दिली, आणि वर्गात वाटल्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी तुमचं कापलं. आता तुमची पाळी."

आणि त्यांनी कापलं. काही दयामाया दाखवली नाही. डॉक्टरने तर असं पेन चालवलं की बाईंना मध्येच हात आडवा घालावा लागला. तासाभरात पावणेआठशे शब्द गेले. मग गाडी अडली ती प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदापाशी. तो बाईंनी तीन आठवडे खपून लिहिला होता. त्यात पहाटेच्या उजेडाची उपमा होती.

"सुंदर आहे," 'कदाचित' म्हणाली, "पण तो काढला तरी काहीच बिघडत नाही."

"मुळीच काढायचा नाही."

"बाई, पहिला परिच्छेद म्हणजे नुसतं घसा खाकरणं असतं, असं तुम्ही..."

"मी काय म्हणते ते मला माहीत आहे!"

"नाळ कापल्याशिवाय मूल वेगळं होत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही पण?"

तेवढ्यात तास संपला. पुढच्या तासाला येणारे संख्याशास्त्राचे विद्यार्थी दारात गर्दी करून उभे राहिले; त्यांचे प्राध्यापक घड्याळाकडे बघत खाकरले. डॉक्टरने मान न वळवताच हात वर केला.

"दहा मिनिटं थांबा," तो म्हणाला. "ऑपरेशन चाललंय."

बाईंनी परिच्छेद पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत, अगदी सावकाश. मग पेन्सिल घेतली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"झालं समाधान?"

'कदाचित'ने बोटांवर आकडेमोड केली. "अजून तीनशे चार शब्द राहिलेत," ती म्हणाली, आणि बाराही जणांनी पान उलटलं.